कुंदाताईंचे दोनशे अठरा शब्द

परवा आमच्या कुकरचं हँडल ढिलं झालं. माझी बायको मीना म्हणाली, "दीड वर्ष टिकलं बघ." मी मनात मोजलं. दीड नाही, एक वर्ष सात महिने. कुंदाताई साटम आमच्या स्वयंपाकघरात शेवटच्या येऊन गेल्या त्याला तेवढे दिवस झाले, आणि तेव्हापासून आमच्या एकाही भांड्याचा स्क्रू कोणी आवळलेला नाही.

मुलुंड पूर्वेला आमची तीन मजल्यांची इमारत होती. तळमजल्यावर आमच्या समोरच्या दारात साटम राहत. दोन दारांमध्ये अंतर सहा पावलं. कुंदाताई ते चार पावलांत पार करायच्या. उंची जेमतेम चार फूट दहा, वय बासष्ट, आणि अंबाड्यात खोचलेला एक बारीक स्क्रूड्रायव्हर. लोक आधी तो केसांचा आकडा समजायचे. त्या तो उपसून कामाला लागल्या की मग कळायचं.

स्टेशनजवळ त्यांनी बावीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. मग टाइपरायटर गेले, संगणक आले, तर त्या संगणक शिकवायला लागल्या. पुढे क्लास बंद झाला, पण शिकवलेल्या बायका, त्यांच्या सुना, सुनांच्या माहेरची माणसं आपापले जुने लॅपटॉप घेऊन दारात यायचीच. दुकानदाराने 'टाकून द्या' म्हटलेला लॅपटॉप हा त्यांचा खास प्रांत. जुनी सिस्टिम काढायची, नवी टाकायची, रॅम वाढवायची, आणि आणखी चार-पाच वर्षं त्याला कामाला लावायचं.

आमच्या मुलीचा, ऋचाचा, लॅपटॉप नऊ वर्षांचा झाला होता. जुन्या सिस्टिमला यापुढे संरक्षण मिळणार नाही, अशी सूचना पडद्यावर रोज यायची. ऋचाची परीक्षा घरूनच ऑनलाइन होती आणि परीक्षेचं ॲप जुन्या सिस्टिमवर चालायला तयार नव्हतं. मी लॅपटॉप घेऊन समोरच्या दारात गेलो.

"काय काय ठेवायचंय यातलं?" कुंदाताईंनी विचारलं.

"सगळं," ऋचा म्हणाली.

"सगळं म्हणजे काय? नाव घेऊन सांग. मी एकदा फॉरमॅट मारला की रडत येऊ नकोस."

त्यांनी तिला पाऊण तास बसवून एकेक फोल्डर उघडायला लावलं. हवं, नको, हवं, नको. मग हव्या त्या गोष्टींच्या दोन प्रती करायला लावल्या, आणि त्या प्रतींमधल्या कुठल्याही पाच फाइली तिच्याच हाताने उघडून दाखवायला लावल्या. हा त्यांचा नियम होता. "कॉपी झाली असं मशीन म्हणतं. मशीन काहीही म्हणतं. तू उघडून दाखव."

दुसरा नियम याहून विचित्र होता. एक प्रत आपल्या घरात ठेवायची, दुसरी दुसऱ्याच्या घरात. दुसऱ्याच्या म्हणजे नातेवाइकाच्या नाही, इमारतीतल्याच कोणाच्या तरी. "तुझ्या घरात पाणी शिरलं, चोर शिरला, तर दोन्ही जातील ना रे. मग दोन कशाला केल्यास?" त्यामुळे आमच्या इमारतीत कोणाचे ना कोणाचे पेन ड्राइव्ह कोणाच्या ना कोणाच्या घरात होते. आमच्या देव्हाऱ्याच्या खणात दोन होते, फ्रिजवरच्या डब्यात एक. प्रत्येकावर कुंदाताईंच्या अक्षरात नावाची चिठ्ठी.

पहिल्या मजल्यावरच्या जयाबेन आणि दुसऱ्या मजल्यावरचे देशमुख यांच्यात वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून सहा वर्षं अबोला होता. कुंदाताईंनी जयाबेनचा पेन ड्राइव्ह नेमका देशमुखांकडे ठेवला आणि देशमुखांचा जयाबेनकडे.

"अरे पण ताई, आम्ही बोलत नाय ने!" जयाबेन म्हणाल्या.

"म्हणूनच. बोलत नाही म्हणजे उघडून बघणार नाही. यापेक्षा सुरक्षित जागा कुठे मिळणार?"

पुढे जयाबेनच्या मुलाला कुठलासा दाखला तातडीने लागला, तेव्हा त्या वर गेल्या, दार वाजवलं आणि नुसता तळहात पुढे केला. देशमुखांनी तो पेन ड्राइव्ह न बोलता तळहातावर ठेवला. कुंदाताई जिन्यात उभ्या राहून हे पाहत होत्या. मला म्हणाल्या, "बघ, दार तरी उघडलं."

तर ऋचाचा लॅपटॉप. सिस्टिम चढायला लागली, पडद्यावर टक्के दिसू लागले. मी सवयीने वही काढली. मी औषधांच्या कंपनीत तापमानाच्या नोंदी ठेवतो, त्यामुळे आकडा हलताना दिसला की माझा हात लिहायला जातो. दहा वाजून बारा मिनिटं, एकतीस टक्के. दहा वाजून एकोणीस, तेहतीस.

"ती वही मिट आधी," कुंदाताई म्हणाल्या. "दूध आहे का ते, उतू जाईल म्हणून उभा राहिलायस?"

पण त्यांना स्वतःलाही बसवत नव्हतं. खुर्ची पुढे केली तर तिचा पाय हलतो म्हणून त्या तो आवळायला लागल्या. मग आमच्या स्वयंपाकघरात गेल्या. कुकर, तवा, कढई, खिडकीची कडी, मिक्सरच्या भांड्याचं झाकण. अंबाड्यातून स्क्रूड्रायव्हर निघायचा, काम करायचा, परत अंबाड्यात जायचा. चहा दिला तो उभ्याने प्यायल्या, तोही ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत. ऋचाचा लॅपटॉप दोन तासांत नवा झाला. तेवढ्यात आमच्या घरातली सात हँडलं आणि तीन कड्या घट्ट झाल्या. इमारतीतल्या बायका म्हणायच्या, कोणाचा लॅपटॉप कुंदाताईंनी केलाय हे त्याच्या कुकरवरून कळतं.

त्या बसत का नाहीत, याचं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुठल्याही घरात असल्या तरी त्यांचा एक कान त्यांच्या स्वतःच्या दाराकडे असायचा. तिकडून त्यांचाच आवाज यायचा. "पाणी." आणि हातातलं काम टाकून त्या पळायच्या.

त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, अंधेरीच्या एका कारखान्यात फोरमन होते. मोठा आवाज, मोठं हसणं, मालवणी शिव्या. सहा वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडून शब्द यायचा नाही. हॉस्पिटलात बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या बाईंच्या ओळखीच्या एका माणसाने एक छोटा प्रोग्राम करून दिला होता. पडद्यावर मोठी चित्रं. डाव्या हाताने माऊस नेऊन चित्रावर दाबलं की लॅपटॉप तो शब्द बोलायचा. शब्द कुंदाताईंच्या आवाजात भरलेले होते. एकूण दोनशे चौदा. तो माणूस पुढे कुठे गेला, कोणालाच माहीत नव्हतं.

म्हणजे भाऊ बायकोशी बायकोच्याच आवाजात बोलायचे. भांडायचेसुद्धा. त्यात 'नको', 'खोटं' आणि 'पुरे' असे तीन शब्द होते. कुंदाताई तावातावाने काही सांगायला लागल्या की भाऊ 'खोटं, खोटं, पुरे' असं एकामागून एक दाबायचे.

"बघ रे विनायक," त्या मला म्हणायच्या, "माझ्याच आवाजात मला खोटारडी म्हणतो हा माणूस! चाळीस वर्षं संसार केला त्याचं बक्षीस!"

भाऊ मग डाव्या हाताने माऊस हलवून सावकाश 'चहा' दाबायचे.

एका भाचीने फोनवरचं ॲप आणून दिलं होतं. त्यातली बाई म्हणायची, "मला जल हवे आहे." भाऊंनी फोन पालथा घातला आणि पुन्हा हात लावला नाही.

तो लॅपटॉप अकरा वर्षांचा झाला होता. सगळ्या इमारतीचे लॅपटॉप नवे करणाऱ्या कुंदाताईंनी त्याला मात्र हात लावला नव्हता. "चालतंय ना? चालू दे," म्हणायच्या, आणि विषय बदलायच्या. पण ते चालत नव्हतं. चित्र दाबल्यावर शब्द उशिरा यायला लागला. मी एकदा दहा वेळा मोजलं, सरासरी अडतीस सेकंद. भाऊ वाट पाहून परत दाबायचे, परत दाबायचे, आणि मग चार 'पाणी' एकदम यायचे. कुंदाताई चार पेले पाणी घेऊन जायच्या, रागाने.

एका सकाळी त्या आमच्याकडे मीनाला काहीतरी दाखवत होत्या. समोरून त्यांचा आवाज आला, "संडास." त्या धावल्या. पण भाऊंनी ते कधीचं दाबलं होतं. मी दारापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. भाऊ भिंतीकडे तोंड करून बसले होते. दुपारी कुंदाताई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "करून टाकूया. या रविवारी."

सिस्टिम पुसायची आणि नवी टाकायची, म्हणजे आधी प्रती करणं आलं. एक प्रत त्यांच्या घरात, दुसरी आमच्याकडे. शनिवारी संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात पेन ड्राइव्ह दिला. म्हणाल्या, "तुझ्या लॅपटॉपवर लावून बघ. मला आता दिसत नाही, डोळ्यांसमोर नुसती चित्रं नाचतात."

मी लावला. फोल्डर उघडलं. चित्रं मोजली, दोनशे चौदा. खात्री म्हणून पुन्हा मोजली, खालून वर. तेवढीच.

त्या दारात उभ्या होत्या. "उघडलंस?"

"दोनशे चौदा. बरोबर आहेत."

त्याच क्षणी समोरून त्यांचाच आवाज आला, "कुंदा." आणि त्या गेल्या. त्यांनी विचारलं होतं, उघडलंस का. मी आकडा सांगितला होता. दुसऱ्या कोणी असं उत्तर दिलं असतं तर कुंदाताईंनी त्याला परत बसवलं असतं. पण माझा आकडा चुकत नाही, असं त्या इमारतभर सांगत आल्या होत्या.

रविवारी नवी सिस्टिम चढायला एक तास चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात कुंदाताईंनी स्वतःच्या घरातली सगळी हँडलं आवळली, मग आमची, मग जयाबेनकडे जाऊन त्यांची. भाऊ खाटेवर टेकून पडद्याकडे बघत होते. लॅपटॉप सुरू झाला तो चाळीस सेकंदांत. आधी अकरा मिनिटं लागायची. प्रोग्राम चालेल की नाही ही मोठी भीती होती, तर तोही चालला. चित्रं झरझर आली. भाऊंनी माऊस हातात घेतला, पेल्याच्या चित्रावर नेला, आणि दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. कुंदाताईंनी आवाजाचं बटण पाहिलं. स्पीकर पाहिला. गाणं लावलं तर त्यातून वाजत होतं. भाऊंनी 'चहा' दाबला, 'कुंदा' दाबला, 'खोटं' दाबला. चित्र दबायचं, निळी कड उमटायची, आणि खोली गप्प.

कुंदाताई चार पावलांत आमच्या घरात आल्या. मी पेन ड्राइव्ह लावला. दोनशे चौदा चित्रं होती. आवाज एकही नव्हता. त्या माणसाने प्रोग्राममध्ये आवाज वेगळ्याच कुठल्यातरी जागी ठेवले होते, आणि ती जागा कॉपीत आलीच नव्हती. त्यांच्या घरातली दुसरी प्रत तशीच निघाली.

"कुंदाताई," मी म्हणालो, "मी मोजले. ऐकले नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मेल्या, मोजायला काय, माझी सासूपण मोजायची." अंबाड्याकडे हात गेला, स्क्रूड्रायव्हर काढला, हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आवळण्यासारखं आमच्याकडे काही शिल्लक नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "आणि मी? मी तरी कुठे ऐकले?"

पुसलेले आवाज परत आणण्याचे जे काय उपाय असतात ते त्यांनी दोन दिवस केले. काही मिळालं नाही. तेवढे दिवस भाऊंजवळ स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला होता. एक ठोका पाणी, दोन ठोके संडास. बाकी कशालाच ठोका नव्हता. कुंदाताईंनी घराबाहेर पडणं बंद केलं. आलेले दोन लॅपटॉप दारातूनच परत पाठवले. तो ठोक्यांचा आवाज समोरच्या दारातून आमच्याकडे यायचा. मी ऑफिसातून दोन दिवसांची रजा टाकली आणि चित्रांवरून केलेली शब्दांची यादी घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"आवाज पुन्हा भरूया," मी म्हणालो. "दोनशे चौदा शब्द. एका शब्दाला दोन मिनिटं धरली तर साधारण सात तास."

"सात तास बसायचं?" त्या म्हणाल्या. त्यांना भीती फक्त त्याचीच वाटली.

आणि खरंच, तेच अवघड गेलं. माइक टेबलावर, त्या खुर्चीत, मी कानाला हेडफोन लावून. पहिल्या तासात अकरा शब्द झाले. 'भात' म्हणताना त्या उठल्या. 'वरण' म्हणताना खिडकीकडे गेल्या. बांगड्या वाजल्या. खुर्ची करकरली तर त्या खुर्ची उलटी करून आवळायला लागल्या.

"कुंदाताई, आवाज लांब गेला."

"तुझे कान लांब गेले!"

बांगड्या काढून ठेवल्या. पंखा बंद केला. घामाने आम्ही तिघेही निथळत होतो. प्रत्येक शब्द झाला की मी तो भाऊंना ऐकवायचो. आता मी काहीच मोजत नव्हतो, आधी ऐकत होतो. भाऊ मान हलवायचे, नाहीतर डावा हात आडवा करायचे.

'चहा' त्यांनी सात वेळा नाकारला. कुंदाताई टायपिंगच्या क्लासात उतारा सांगतात तसं स्वच्छ म्हणायच्या, "चहा." भाऊंचा हात आडवा. "चहा." आडवा. आठव्या वेळी त्या उसळल्या, "चहा! चहा! घ्या, ढोसा किती ढोसायचाय तो!" भाऊंनी जोरात मान हलवली. चेहऱ्याची एकच बाजू हसते त्यांची, ती हसली. मी तोच ठेवला, अख्खाच्या अख्खा.

मग भाऊंनी यादीच हातात घेतली. सहा वर्षांपूर्वीची यादी दुसऱ्या कोणीतरी केलेली होती. ती करताना भाऊंना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी नखाने रेघ मारून नऊ शब्द काढायला लावले. 'सुई', 'इंजेक्शन', 'मलमपट्टी' असले. आणि तेरा नवे मागितले. कसे मागितले ते सांगायला एक दिवस लागेल. हाताने, डोळ्यांनी, जुन्या चित्रांवर बोट ठेवून. 'बांगडो' हवा होता, बांगडा नव्हे. 'जयाबेन' हवं होतं. 'गॅलरी' हवी होती. एक शिवी हवी होती. ती काय ते कुंदाताईंना लगेच कळलं, आणि त्यांनी माझ्याकडे पाठ करून ती माइकमध्ये म्हटली, स्पष्ट, गावाकडच्या सुरात.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवे बारा शब्द झाले होते. तेरावा राहिला होता. भाऊ खाटेवर आपल्या शेजारची जागा डाव्या हाताने थोपटत होते.

"काय? उशी?" कुंदाताईंनी विचारलं. हात आडवा. "चादर? सरकायचंय? अहो, ढेकूण चावतो की काय?"

भाऊ थोपटत राहिले. मग त्यांनी कुंदाताईंकडे बोट केलं आणि परत थोपटलं.

मला कळलं. पण सांगावं की नाही, असं वाटलं. शेवटी म्हणालो, "तुम्हाला बसायला सांगतायत ते."

"बसलेय की दोन दिवस! आणखी किती बसू?"

भाऊंनी हात आडवा केला. त्या खुर्चीत नाही, माझ्या शेजारी, असं. मग यादीच्या तळाशी, रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

कुंदाताईंनी माइक जवळ ओढला. आणि मग, दारात आलेल्या पाहुण्याला म्हणतात तशा, अगदी हळू म्हणाल्या, "बस जरा."

एकदाच भरला तो शब्द. भाऊंनी पुन्हा ऐकायलाही मागितला नाही. चित्र म्हणून मी खुर्ची टाकली.

दोनशे अठरा शब्द झाले. दोन प्रती केल्या. माझ्याकडच्या प्रतीतले सगळेच्या सगळे शब्द मी ओळीने ऐकले. मग वहीत आकडा लिहिला.

त्यानंतर आठ महिन्यांनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि सगळे पांगले. साटम बदलापूरला भाड्याच्या जागेत गेले. जायच्या दिवशी सकाळी टेम्पो सामान घेऊन पुढे गेला. भाच्याची गाडी फाटकात उभी होती. भाऊ पुढच्या सीटवर, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. आणि कुंदाताई आत-बाहेर. गॅसचं बटण पाहून आल्या. मीटर पाहून आल्या. किल्ली जयाबेनकडे दिली, परत घेतली, देशमुखांकडे दिली. आमच्या स्वयंपाकघरात शिरून, आमचं सामान अजून बांधायचं होतं, तर कुकरचं हँडल आवळून आल्या.

गाडीतून त्यांचा आवाज आला, "बस जरा."

"आले, आले," म्हणत त्या पुन्हा आत गेल्या, खिडकीची कडी पाहायला.

"बस जरा."

भाचा हसला. जयाबेन हसल्या. कुंदाताई बाहेर आल्या, रिकाम्या घराकडे एकदा पाहिलं, आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या. दार ओढलं. लगेच परत उघडलं. एक पाय बाहेर.

"विनायक! पेन ड्राइव्ह?"

"माझ्याकडे."

"उघडून—"

"ऐकले, ताई. दोनशे अठरा. काल रात्री परत एकदा सगळे ऐकले."

त्या तशाच माझ्याकडे बघत राहिल्या, एक पाय रस्त्यावर. पुढच्या सीटवरून तिसऱ्यांदा, त्यांच्याच आवाजात, पाहुण्याला म्हणतात तसं आलं, "बस जरा."

त्यांनी अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर काढून पर्समध्ये टाकला, पाय आत घेतला आणि दार लावलं.